मधून वाच

सापगावच्या वेखंडे गुरुजींना कोणी लग्नाची पत्रिका दिली, तर ते ती वाचत नाहीत. दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि आणणाऱ्याच्या हातात परत देतात.

"वाच," म्हणतात. "माझा चष्मा नाय."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. त्याची काडी बाहेर आलेली समोरच्याला दिसते, पण हे गुरुजींना सांगण्याची सापगावात पद्धत नाही. माणूस निमूटपणे गणपतीच्या नावापासून सुरुवात करतो आणि लगेच अडवला जातो.

"वरून नको. वरचं समद्यांना पाठ असतं. मधून वाच."

मधून म्हणजे नक्की कुठून, ते गुरुजी बोट ठेवून दाखवतात. बोट बहुधा मुहूर्ताच्या ओळीवर किंवा नवरीच्या मामांच्या नावांवर पडतं. वाचून झालं की जागेवर शेरा मिळतो. 'बरा', नाहीतर 'सुधारणा आवश्यक'. 'छान' हा शेराही आहे म्हणतात, पण तो मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मुरबाडहून त्यांचे व्याही नातवाच्या बारशाचं आमंत्रण घेऊन आले होते. एसटीतून निवृत्त झालेले, मान असलेले गृहस्थ. त्यांना 'सुधारणा आवश्यक' मिळालं आणि ते चहा न घेता परत गेले. आमंत्रणं मोबाईलवर पाठवण्याची रीत सापगावात आसपासच्या गावांच्या आधी रुळली. तिचं श्रेय गुरुजींना द्यावं लागेल.

हा त्रास पत्रिकांपुरता नाही. औषधाच्या दुकानात ते गोळ्यांचं पाकीट दुकानदाराकडे परत सरकवतात. "कधी घेयाच्या? मधून वाच." ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक तरुण उमेदवार घरोघर पत्रक वाटत आला, तेव्हा गुरुजींनी बोट त्याच्या आश्वासनांच्या मध्यावर ठेवलं. 'सर्वांगीण' या शब्दाशी उमेदवार थांबला, मागे गेला, पुन्हा धावत आला आणि पुन्हा थांबला.

"हे तू लिवलंस?"

"नाय गुरुजी. शहापूरला छापून घेतलंय."

"मंग आधी वाचून घे. मंग मत मागाया ये."

एका दशक्रियेला श्रद्धांजलीचं भाषण कागदावरून वाचलं जात होतं. वक्त्याने 'कै.' म्हणून सुरुवात केली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "मधून." दशक्रियेला लोक हसलेले मी तेव्हाच पाहिले.

मी शहापुरात बातमीदारी करतो. गुरुजींची माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या पडवीत. त्यांनी माझंच वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं आणि माझीच बातमी मधून वाचायला लावली. मला 'बरा' मिळाला. "लिवतोस त्याच्यापेक्षा वाचतोस बरं," असंही वर ऐकायला मिळालं. तेव्हापासून मी अधूनमधून तिथे जातो. पडवीत गुरुजी एकटेच असतात. पत्नी वारली, मुलगी मुरबाडला दिलेली. सकाळी अंगण झाडतात, दुपारी चहा करतात, आणि वाटेने कोणी हातात कागद घेऊन जात असेल तर त्याला हाक मारतात.

ज्याला त्याला वाचायला लावणारे गुरुजी एका व्यक्तीला मात्र कधी लावत नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तिचं नाव सुगंधा. शेणवे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. बाजाराच्या दिवशी शहापुरात भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी बसते. थंडीत वालाच्या शेंगा, मे महिन्यात करवंदं, पुढे पाऊस पडला की शेवळं, ही रानभाजी. गुरुजी दर बाजारी तिच्याकडे जातात, लागो न लागो काहीतरी घेतात आणि एकच प्रश्न विचारतात.

"पोर शाळेत जातेय ना गो?"

"जातेय ना गुरुजी. रोज जातेय."

एवढं झालं की निघतात. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, हिला कधी वाचायला सांगत नाही?"

"तिचं झालंय वाचून," ते म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

त्या वाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी अनेक वर्षं मुख्याध्यापक होते. सुगंधा त्यांची विद्यार्थिनी. ही गोष्ट तिने मला स्वतः सांगितली, शेंगा तागडीत टाकता टाकता. "सायेब आला का गुरुजी मनाच उभी करीत. शहापूरचा सायेब येव का ठाण्याचा. वाचनात मी पयली व्हती. इचारा कोनालाबी." तिच्या आवाजात मोठेपणा नव्हता. आपल्या घराला दार आहे, असं माणूस सांगतो, तसं ती सांगत होती. लग्न झालं तेही वाडीतच, आणि सासरीही ती 'वाचनात पहिली' म्हणूनच गेली.

शेजारी बसणाऱ्या भाजीवालीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी वाडीतलीच एक बाई रेशनचा कागद घेऊन सुगंधाकडे आली होती. एवढं बघ गो काय लिवलंय. सुगंधाने कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "चष्मा नाय आणला गो." तिने तिशी तेव्हा गाठली नव्हती आणि चष्मा तिच्या नाकावर कधी कोणी पाहिला नव्हता. गुरुजी त्या वेळी पिशवी उघडी धरून तिथेच उभे होते. पैसे देऊन शेंगा न घेताच गेले. पत्रिका परत देण्याची त्यांची सवय त्यानंतरची आहे.

निवृत्त झाल्यावरही वाडीने त्यांना शाळेच्या व्यवस्थापन समितीवर घेतलं. समितीत पालक असतात आणि एक शिक्षणप्रेमी. शिक्षणप्रेमी वेखंडे गुरुजी. आता तिथे देसले नावाचे तरुण सर आहेत, कल्याणकडून रोज मोटरसायकलने येतात. यंदा माघात शाळेची तपासणी ठरली. पोरांना वाचता येतं का, ते पाहायला बाहेरून मॅडम येणार होत्या. आदल्या दिवशी देसले सर सापगावला गुरुजींच्या पडवीत आले. मी तिथे होतो.

"गुरुजी, उद्या तुम्ही या. खुर्ची ठेवतो पुढं. फक्त तेवढं..."

"काय?"

"मधून वाच, तेवढं उद्या नको."

गुरुजींनी चहाची कपबशी सरांपुढे सरकवली.

"निम्मी पोरं वीटभट्टीवर गेलीत आईबापासंगं. परत आली की अक्षरं विसरून येतात. तुम्हाला माहीत आहे सगळं. तुमच्याच वेळेपासून..." सरांनी वाक्य तिथेच सोडलं. "रोशनी चांगली वाचते. तिलाच उभी करणार आहे."

रोशनी म्हणजे सुगंधाची मुलगी. चौथीत.

"नाय बोलणार," गुरुजी म्हणाले. "दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. व्हरांडा सारवलेला, मुलं धुतलेल्या कपड्यांत, दारापाशी आयाबायांची रांग. सुगंधा त्यांत पुढे बसली होती. त्या दिवशी तिने बाजार बुडवला होता. आतल्या भिंतीवर शाळेचं नाव आणि त्याखाली 'अ श्रेणी' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं. रंग जुना होता, पण कोणीतरी नुकताच त्यावर हात फिरवलेला दिसत होता.

मॅडम मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कोणी वाचून दाखवेल?" देसले सरांनी मान हलवली आणि रोशनी उभी राहिली. तिने पुस्तक उघडलं आणि वाचलं. स्वच्छ, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून. पान संपलं तेव्हा पान उलटलं. दारातल्या सुगंधाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. धडा संपला, टाळ्या झाल्या, मॅडमनी पेन काढलं.

गुरुजी उभे राहिले. देसले सरांनी डोळे मिटले.

"मॅडम, पोरीला काय इचारू नका. मी 'मधून वाच' बोलणार नाय. सरांना शब्द दिलाय. माझं ऐका फक्त."

"बोला."

"ते भिंतीवर 'अ' लिवलंय, ते माझ्या वक्ताला मिळालं. तवा असेच सायेब आलते. एका पोरीनं धडा वाचला, असाच. 'बाजाराचा दिवस' नावाचा. खणखणीत वाचला. पान उलटायचं तिथं पान उलटलं. सायेब खूश. मी तिच्या शेजारी उभा." त्यांनी तळहात पुस्तकासारखा उघडा धरला. "तिच्या हातात गणिताचं पुस्तक व्हतं, मॅडम. घाईत चुकून उचललेलं. भागाकाराचं पान उघडं. त्याच्यातनं ती बाजाराचा दिवस वाचत व्हती. तिला म्हायती नाय. सायबांनी बगितलं नाय. मी बगितलं."

मागच्या रांगेतलं एक पोर हसलं. गोष्ट खरंच हसण्यासारखी होती. मग सगळाच वर्ग हसला आणि हसू थांबायला वेळ लागला.

"मग तुम्ही काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

नाव त्यांनी घेतलं नव्हतं. घेण्याची गरजही नव्हती. वाडीत वाचनात पहिली एकच होती. दारातल्या बायका आधी गुरुजींकडे पाहत होत्या. मग एकेक करून त्यांनी माना वळवल्या. सुगंधा उठली. लुगड्याला लागलेलं सारवण तिने हाताने झटकलं, बराच वेळ झटकलं, आणि वाडीकडे चालू लागली. रोशनी पुस्तक हातात घेऊन अजून उभीच होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं आणि प्रत्येक मुलाला जवळ बोलावून वेगळं वाचायला दिलं. त्याला दुपार लागली. शाळेची श्रेणी उतरली. बातमी छोटी झाली. तिच्यात मी कोणाचं नाव घातलं नाही.

देसले सर गुरुजींशी शाळेच्या आवारातच बोलले. आवाज चढवला नाही. "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे. नोटीस मला येणार. तुमचं मन हलकं झालं, चांगलं झालं."

"व्हय," गुरुजी म्हणाले.

वाडीतल्या एका म्हाताऱ्याने वाटेत त्यांना अडवलं. "गुरुजी, शाळेचं नाव गेलं ते गेलं. ती बाय कामाला जातेय, बाजार करतेय, तिच्याकडं येवढंच एक व्हतं. ते पन तुमीच दिलंतं न् तुमीच काढून नेलंतं."

परतीच्या जीपमध्ये गुरुजी माझ्या शेजारी होते. शेणवं मागे पडलं. मग एवढंच म्हणाले, "पोरीला वाचवायची म्हणून तोंड उघडलं. तिची आय दारात बसलीय, ते ध्यानातच नाय आलं बघ. तवा पुस्तक दिसलं न् पोर दिसली नाय. आता पोर दिसली न् आय नाय दिसली."

पुढच्या बाजारी ते तिच्याकडे गेले. तिच्यापुढे वालाच्या शेंगांचा ढीग होता.

"अर्धा किलो दे गो."

"शेंगा नाय," सुगंधा म्हणाली. ढिगाकडे तिने पाहिलंही नाही.

गुरुजींनी पिशवी मिटली. शेजारची भाजीवाली त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ते रिकामी पिशवी घेऊन परत आले. त्यानंतरच्या बाजारीही गेले. त्या दिवशीही शेंगा नव्हत्या. उरलेली सगळी थंडी सुगंधाकडे शेंगा नव्हत्या. रिकामी पिशवी घेऊन ते तसेच सापगावपर्यंत चालत यायचे. दुसऱ्या कोणाकडून त्यांनी शेंगा घेतल्या नाहीत.

याच काळात त्यांनी लोकांना वाचायला लावणं सोडलं. गावाने आधी सुटकेचा निःश्वास टाकला, मग गाव अस्वस्थ झालं. औषधाच्या दुकानदाराने मला विचारलं, "गुरुजींची तब्येत बरी आहे ना? पाकीट घेतलं न् गेले." मुरबाडचे व्याही म्हणे बारशानंतर पहिल्यांदाच स्वतः होऊन आले, घडी केलेलं वर्तमानपत्र घेऊन. घरून तयारी करून आले असावेत. गुरुजींनी त्यांना चहा दिला आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. व्याह्यांचा विरस झाला.

करवंदांचे दिवस होते. मी पडवीत बसलो होतो. फाटकातून सुगंधा आत आली. हातात पिशवी, पिशवीत पत्रिका. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. गुरुजींच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. ती कुठे चालली आहे ते वाटेतल्या लोकांनी ओळखलं असावं, कारण कुंपणापाशी दोघीतिघी बायका काही काम नसताना उभ्या राहिल्या.

"बस गो," गुरुजी म्हणाले.

"बसाया नाय आली. पुढं शेणव्याला जायाचं हाय." तिने एक पत्रिका काढली. कोपऱ्यांना हळद लागलेली. "घरी बोलले, गुरुजींना मोबाईलवर धाड, हातानं नको देऊ. मी बोलली, नाय. हातानंच देयाची."

तिने पत्रिका पुढे धरली आणि हात मागे घेतला नाही. गुरुजींनी ती घेतली, कपाळाला लावली. मग ते तिथेच अडले. पत्रिका परत देण्याची त्यांच्या हाताला सवय होती. हात किंचित पुढे आलाही, आणि थांबला.

"का?" सुगंधा म्हणाली. "चष्मा नाय का आज?"

कुंपणापाशी कोणीतरी खाकरलं. गुरुजींनी मान वर केली नाही. त्यांनी खिशातला चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, बऱ्याच वेळा पुसला आणि डोळ्यांवर ठेवला. त्यांना चष्मा घातलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चेहरा एकदम म्हातारा दिसला.

त्यांनी पत्रिका वाचायला सुरुवात केली. वरून. गणपतीच्या नावापासून. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत, पहिलीच्या वर्गात ठेवतात तसं, तुटक आणि मोठ्याने. कुलदैवत वाचलं. नवरा-नवरी वाचली. मुहूर्त, स्थळ, सगळ्या मामांची नावं, अगदी शेवटी छापखान्याचं नावसुद्धा. वाचत असताना सुगंधा केव्हा पायरीवर बसली ते मला कळलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. बोटाकडे पाहत होती.

"मी कुटं हाय त्याच्यात?" तिने विचारलं.

बोट मागे सरकलं. "ही तू."

तिने त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. "आन् हे पुढचं?"

"पुढचं तू वाच. माझ्यासंगं."

ती एकदम हसली आणि पदर तोंडाला लावला. "ते माझ्या मालकाचं नाव असंल. ते कसं घेऊ तोंडानं?"

"नाव घेऊ नको. वाच नुसतं."

"तेच झालं ना गुरुजी." कुंपणापाशीच्या बायकाही हसल्या. सुगंधाने इकडेतिकडे पाहिलं आणि पदराआडून भरकन म्हणून टाकलं, "काळूराम."

"हे तुला पाठ हाय," गुरुजी म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांनी बोट उचललं आणि त्याच शब्दाच्या मध्यावर, एका अक्षराखाली ठेवलं. "हे कंचं?"

सुगंधाचं हसू थांबलं. ती पत्रिकेवर वाकली. पहिल्या अक्षरापासून तिचे ओठ हलू लागले, आवाज न करता. बोट होतं तिथे पोचली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. कुंपणापाशीच्या बायका दोन पावलं पुढे आल्या होत्या. गुरुजींनी बोट त्या अक्षराखालून हलवलं नाही.

"रा," सुगंधा म्हणाली. मग मान वर न करता पुन्हा म्हणाली, "रा हाय हे."

गुरुजींनी शेरा दिला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ती उठली. त्यांच्या मांडीवरची पत्रिका तिने उचलली, घडी घातली आणि कमरेला खोचली. "ही मना ठेवते. तुमाला दुसरी धाडते कोणासंगं तरी."

दुसरी पत्रिका आली नाही. गुरुजी लग्नाला गेले, पण त्या लग्नाची पत्रिका त्यांच्या घरी नाही. आता बाजाराच्या दिवशी सुगंधाकडे शेवळं असतात आणि ती गुरुजींना देते. ते घेतात, पैसे देतात, तिथेच पोत्यावर बसतात, आणि जुड्या बांधायच्या रद्दीतलं एखादं पान काढून मध्येच कुठेतरी बोट ठेवतात. गिऱ्हाईक आलं की सुगंधा ते पान पटकन मांडीखाली सारते.